प्रतिश्रय की कुंपण? : बेघर, व्यसनी आणि ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या माणसांविषयी नाशिकचा इतिहास

नाशिक नगरीत दर बारा वर्षांनी सिंहस्थ कुंभमेळा भरतो. २००३ आणि २०१५ साली तो भरला. आता २०२६-२७ चा सिंहस्थ आला आहे. अशा वेळी रस्ते रुंद होतात, घाट बांधले जातात, आणि त्याचबरोबर गोदाकाठी, पुलांखाली, बस स्थानकाच्या आडोशाला व नाशिकरोड रेल्वे स्थानकाबाहेर रात्र काढणाऱ्या माणसांचा प्रश्न पुढे येतो. या माणसांचे वर्णन करताना तीन शब्द सहसा एका दमात उच्चारले जातात : बेघर, व्यसनी आणि भुरटे चोर. जणू ही एकाच माणसाची तीन नावे आहेत आणि तिन्हींवर एकच उपाय आहे, तो म्हणजे त्याला तेथून उठविणे.

हा प्रश्न आजचा वाटला तरी त्याला इतिहास आहे. निराधार माणसाशी समाजाने कसे वागावे, याच्या दोन परंपरा या प्रदेशात दिसतात. एक परंपरा आश्रय देण्याची आहे. तिचा पुरावा त्रिरश्मी लेण्यांच्या भिंतीवर कोरलेला आहे. दुसरी कुंपण घालण्याची आहे. तिचा पुरावा १८७१ नंतरच्या कायद्यांच्या पुस्तकांत आहे. या दोन्ही परंपरांचा परामर्श घेऊन आपल्या विहारांपुढील कर्तव्याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

त्रिरश्मीवरील पुरावा

नाशिकच्या लेण्यांना लोक ‘पांडवलेणी’ म्हणत असले तरी पांडवांशी त्यांचा काहीही संबंध नाही. शिलालेखांत या डोंगराचे नाव ‘तिरण्हु’ म्हणजे त्रिरश्मी असे येते. येथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी त्याने चौसोपी निवासस्थाने व ‘प्रतिश्रय’ म्हणजे आश्रयगृहे बांधून दिली, अशी नोंद त्यांत आहे. यांपैकी गोवर्धन हे नाशिकजवळचेच प्राचीन नगर होय. त्याच नावाचे गाव आजही गंगापूरच्या वाटेवर आहे. तापी, दमण, दाहनुका आदी सहा नद्यांवर त्याने विनामूल्य नावांची सोय केली आणि दोन्ही तीरांवर सभागृहे व पाणपोया उभारल्या, असेही हा लेख सांगतो.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. हे प्रतिश्रय आजच्या अर्थाने बेघरांसाठी होते असे म्हणता येणार नाही. ते प्रामुख्याने प्रवाशांसाठी व यात्रिकांसाठी असावेत. उषवदाताची दाने ब्राह्मणांनाही होती आणि भिक्षुसंघालाही होती. तरीही, ज्याचे त्या गावात घर नाही त्याला रात्री छप्पर आणि पाणी मिळावे ही सार्वजनिक जबाबदारी आहे, अशी समजूत त्या काळी या भूमीत रूढ होती, एवढे यावरून निश्चित होते.

याहून महत्त्वाची आहे ती या दानाची व्यवस्था. उषवदाताच्या ४२ व्या वर्षाच्या लेखात तीन हजार कार्षापणांच्या अक्षय निधीची नोंद आहे. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले आणि दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले. मुद्दल परत काढायचे नाही, केवळ व्याज उपभोगायचे, अशी अट होती. दोन हजारांवर महिन्याला वीस, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस कार्षापण होतात. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत, असे लेख सांगतो. हिशेब तंतोतंत जुळतो. शिवाय हे दान निगमसभेत सर्वांना वाचून दाखविले गेले आणि फलकावर नोंदविले गेले.

पुढे आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने याच लेण्यांतील आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी निधी ठेवला. तो कुंभार, पाणयंत्रे करणारे व तेली अशा कारागिरांच्या श्रेणींकडे सोपविला होता. दान देणारी एक स्त्री, ते सांभाळणारे कष्टकरी कारागीर आणि लाभ घेणारे आजारी माणूस, अशी ही साखळी आहे. सणापुरते अन्नदान आणि अशी कायमची तरतूद यांतील भेद आपण विसरलो आहोत. तो भेद पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

चोरीचे कारण आणि दंडाचे फळ

दारिद्र्य, व्यसन आणि चोरी यांचा परस्परसंबंध पाली साहित्याने फार पूर्वी उलगडला आहे. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात एका राजाची कथा येते. तो राज्याचे रक्षण नीट करतो, परंतु निर्धनांना धन देत नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढते व त्यातून चोरी जन्म घेते. पकडलेला पहिला चोर सांगतो की जगण्याचे साधन नाही म्हणून चोरी केली. राजा त्याला द्रव्य देतो. ती वार्ता पसरताच, चोरी केली की धन मिळते, असा लोकांचा समज होतो आणि चोऱ्या वाढतात. मग राजा शिरच्छेदाचा मार्ग स्वीकारतो. ते पाहून चोरही शस्त्रे घेतात आणि साक्षीदार मागे उरू नये म्हणून माणसे मारू लागतात. चोरीतून हिंसा आणि हिंसेतून असत्य, असा हा ऱ्हास आहे.

या कथेतून काही लोक ‘गुन्हेगाराला दया दाखवू नये’ असा निष्कर्ष काढतात. तो चुकीचा आहे. राजाची चूक दया करण्यात नव्हती. त्याने दया उशिरा केली आणि एकेकट्या चोरापुरती केली, यात होती. कूटदंत सुत्त याच प्रश्नाचे उत्तर देते. तेथे राजपुरोहित सांगतो की, वध, बंधन किंवा दंड यांनी लुटारूंचा उपद्रव मुळापासून जाणार नाही, कारण जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावे. प्रत्येक जण आपापल्या कामात गुंतला म्हणजे उपद्रव आपोआप शमेल. म्हणजे उपजीविकेची तरतूद गुन्ह्याच्या आधी हवी.

व्यसनाविषयी सिगालोवाद सुत्त असेच व्यवहारी आहे. धननाश, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि बुद्धीची दुर्बलता असे मद्यपानाचे सहा दुष्परिणाम तेथे सांगितले आहेत. त्यापुढेच अवेळी रस्त्यावर भटकण्याचे दुष्परिणाम येतात. अशा माणसाचे स्वतःचे, बायकामुलांचे व मालमत्तेचे रक्षण होत नाही आणि दुसऱ्यांनी केलेल्या दुष्कृत्यांचा संशयही त्याच्यावर येतो, असे तेथे म्हटले आहे. रात्री रस्त्यावर असणे हेच संशयाला पुरेसे ठरते, हे सत्य त्या काळीही ओळखले गेले होते. फरक एवढाच की सिगालाला घर होते. ज्याला घरच नाही, त्याला ‘अवेळी बाहेर फिरू नको’ असे सांगण्यात अर्थ उरत नाही.

अंगुलिमाल आणि संघाची मर्यादा

अंगुलिमालाची कथा आपण मुलांना सांगतो; परंतु तिचा उत्तरार्ध बहुधा गाळतो. भिक्षू झाल्यावर अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेसाठी गेला असता त्याला ढेकळे, काठ्या व दगड लागले. रक्तबंबाळ होऊन, फुटलेले पात्र आणि फाटलेले चीवर घेऊन तो परतला. माणूस बदलला तरी समाजाची स्मृती लगेच बदलत नाही आणि बदललेल्या माणसाला त्या काळात आधाराची सर्वाधिक गरज असते, हे या प्रसंगातून दिसते.

विनयातील महावग्ग आणखी एक गोष्ट नोंदवितो. अंगुलिमालाच्या प्रव्रज्येनंतर लोक भयभीत झाले, त्यांनी तक्रार केली आणि कुख्यात चोराला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. पाठोपाठ तुरुंगातून पळालेला, ऋणको व दास यांच्याविषयीही तसेच नियम झाले. हे नियम लपविण्याचे कारण नाही. संघ समाजाच्या दानावर जगत होता आणि शेजारच्या वस्तीचे भय त्याला डावलता येत नव्हते. परंतु प्रव्रज्येला मर्यादा घातली गेली, म्हणून उपासक होण्याचे द्वार बंद झाले नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात पतित व गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेला एक स्वतंत्र भाग दिला आहे. हीन-दीनांच्या व स्त्रियांच्या धम्मदीक्षेनंतर तो येतो. ही मांडणी सहज झालेली नाही. धम्माची कसोटी कोणत्या माणसापाशी लागते, हे त्यातून सूचित होते.

सम्राट अशोकानेही बंदिवानांना विसरले नाही. पाचव्या शिलालेखानुसार धम्ममहामात्रांनी बंदिवानांना साहाय्य करावे व ज्यांच्यावर मुलाबाळांचा भार आहे किंवा जे वृद्ध आहेत अशांच्या मुक्ततेचा विचार करावा, अशी त्याची आज्ञा होती.

कुंपणाची परंपरा

आता दुसऱ्या परंपरेकडे वळू. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्याला लागू झाला आणि १९२४ साली त्याचे एकत्रीकरण झाले. या कायद्याने व्यक्तीचा गुन्हा सिद्ध होण्यापूर्वीच तिची संपूर्ण जमात गुन्हेगार ठरविली. पारधी, भामटा, कैकाडी, कंजारभाट, मांग-गारुडी अशा अनेक समूहांच्या माथी हा शिक्का बसला. पोलिसांकडे किंवा गावच्या पाटलाकडे हजेरी देणे आणि गाव सोडताना पास घेणे बंधनकारक झाले. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती उभ्या राहिल्या. आईबापांपासून मुले वेगळी करून त्यांना औद्योगिक शाळांत ठेवण्याची तरतूदही कायद्यात होती.

भटके समूह स्थिर घर नसणारे होते. मीठ, धान्य, जनावरे यांची वाहतूक, शिकार, खेळ, टोपल्या विणणे हे त्यांचे व्यवसाय रेल्वे, जंगल कायदे व नवे कर यांमुळे बुडाले. प्रथम उपजीविका गेली, मग भटकणे हाच गुन्हा ठरला. कूटदंत सुत्ताचा क्रम येथे उलटा केला गेला.

या अन्यायाविरुद्ध पहिले ठोस पाऊल राजर्षी शाहू महाराजांनी उचलले. १९१८ साली त्यांनी करवीर संस्थानातील हजेरीची पद्धत बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी राहण्यास घरे व पहाऱ्याची कामे दिली. ज्यांना जग चोर म्हणत होते, त्यांच्या हाती राखणीचे काम सोपविणारा हा राजा होता. उपजीविका आधी, विश्वास तिच्याबरोबर आणि सुधारणेची अपेक्षा नंतर, असा त्यांचा क्रम होता.

मुंबई सरकारने १९२८ साली ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्ग व आदिम जमातींविषयी समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० साली तिचा अहवाल आला. पुढे १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी सुमारे दोन कोटी गुन्हेगार जमाती, दीड कोटी आदिम जमाती आणि पाच कोटी अस्पृश्य यांचा एकत्र उल्लेख केला आणि असे समूह निर्माण करणाऱ्या संस्कृतीलाच जाब विचारला. अस्पृश्यांचा प्रश्न या इतर दोन समूहांपासून त्यांनी तोडला नाही, हे आपण विशेष लक्षात ठेवले पाहिजे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. परंतु १९५९ साली मुंबई राज्यात दोन कायदे झाले : एक सराईत गुन्हेगारांविषयी, दुसरा भीक मागण्यास प्रतिबंध करणारा. दुसऱ्या कायद्याने, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणाऱ्या माणसालाही भिक्षेकऱ्याच्या व्याख्येत बसविले. अशा माणसाला वॉरंटाशिवाय पकडता येत होते, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत स्थानबद्ध ठेवता येत होते. दिल्लीला लागू केलेल्या या कायद्यातील भीक मागणे गुन्हा ठरविणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी घटनाबाह्य ठरविली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाचे नियम रद्द केले व विमुक्तांना केवळ संशयावरून पकडण्याच्या प्रथेवरही बोट ठेवले. शिक्का कागदावरून पुसून सत्तर वर्षे उलटली तरी तो व्यवहारात किती घट्ट आहे, हे यावरून कळते.

नाशिकचा वारसा

नाशिकच्या चळवळीला घराचा आणि जमिनीचा प्रश्न नवा नाही. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे एक प्रमुख संघटक, दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी पुढे भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. १९५९ आणि १९६४-६५ च्या लढ्यांत हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. गावात जमीन नसलेला माणूस शहरात येतो, शहरात छप्पर न मिळालेला माणूस फुटपाथवर येतो, आणि फुटपाथवरील थंडी, भूक व भय सोसण्यासाठी तो नशेचा आधार घेतो. दादासाहेबांचा लढा या साखळीच्या पहिल्या कडीवर होता.

गाडगे महाराजांनी पंढरपूर, आळंदी, देहू यांप्रमाणे नाशिक येथेही धर्मशाळा उभारली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. दारू सोडा हे ते कीर्तनातून सांगत, आणि त्याच वेळी गरिबाला टेकायला जागाही बांधत. उपदेश आणि छप्पर यांची फारकत त्यांनी होऊ दिली नाही.

व्यसनमुक्तीचे सामाजिक प्रयोग

१९८० च्या दशकात गर्दचे व्यसन पुण्या-मुंबईत पसरले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनातून बाहेर पडलेला मनुष्यच नव्याने आलेल्या रुग्णाचा मार्गदर्शक व्हावा, हे त्याचे वैशिष्ट्य ठरले. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘कोशिश’ हा प्रकल्प २००६ पासून बेघरांबरोबर व भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली पकडलेल्यांबरोबर काम करीत आला आहे. बाहेरच्या जगाचाही अनुभव उद्बोधक आहे. न्यूयॉर्क येथे १९९२ साली ‘आधी घर, मग उपचार’ हा प्रयोग सुरू झाला. नशा सोडल्याशिवाय घर नाही, ही जुनी अट त्याने काढून टाकली. फिनलंडने २००८ पासून ते राष्ट्रीय धोरण केले व तेथील दीर्घकालीन बेघरांची संख्या घटली.

नाशिक जिल्ह्यात नशेचे स्वरूप बदलले आहे. हातभट्टी व गांजा यांच्या जोडीला झोपेच्या गोळ्यांचा गैरवापर आला. मालेगावी ‘कुत्ता गोळी’ हे नाव सर्वांच्या परिचयाचे झाले. मुले चिकटपदार्थ हुंगतात. दिवसभराची मजुरी नशेत गेली की उद्याच्या नशेसाठी नळाची तोटी, सायकल किंवा मोबाईल उचलला जातो. ही चोरी खरी आहे आणि तिचा फटका बहुधा गरीब शेजाऱ्यालाच बसतो. म्हणून वस्तीचा राग खोटा म्हणता येणार नाही. परंतु त्या मुलाला मारहाण करून पोलिसांत दिल्याने तो आठ-पंधरा दिवसांनी त्याच कोपऱ्यावर परततो, हाही वस्तीचाच अनुभव आहे.

विहारांपुढील कार्य

या विवेचनातून काही व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट कायद्याच्या माहितीची. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात, अल्प प्रमाणातील पदार्थासह सापडलेला व्यसनी स्वेच्छेने उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारी तरतूद (कलम ६४अ) आहे. आपल्या वकील बांधवांनी ही तरतूद वस्त्यांपर्यंत नेली पाहिजे.

दुसरी गोष्ट निवाऱ्याची. शहरी लोकसंख्येच्या प्रत्येक लाखामागे शंभर माणसांचा एक कायम निवारा असावा, हा मापदंड सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांनंतर मान्य झाला व राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात तो स्वीकारला गेला. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १४ लाख ८६ हजार होती. म्हणजे त्याच जनगणनेच्या हिशेबाने शहराला चौदा-पंधरा निवारे हवेत. सिंहस्थासाठी उभारल्या जाणाऱ्या सोयींत या निवाऱ्यांचा समावेश व्हावा, अशी मागणी नागरिक म्हणून आपण करू शकतो.

तिसरी गोष्ट उपचाराची. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर झटके येऊन किंवा भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. त्यामुळे कोंडून ठेवणे हा उपचार नव्हे. त्याला डॉक्टरांकडे नेले पाहिजे. ‘सुरामेरय’ शीलाचे ग्रहण ही साधना आहे, ते शील मोडले म्हणून कोणालाही विहाराबाहेर काढण्याचा अधिकार ते आपल्याला देत नाही. पंचशील म्हणताना आपण प्रत्येक जण ‘मी ग्रहण करतो’ असे म्हणतो; दुसऱ्याने काय करावे याची ती आज्ञा नसते.

चौथी गोष्ट निधीची. पौर्णिमेचे भोजनदान चांगलेच आहे, परंतु दुसऱ्या दिवशी भूक पुन्हा लागते. गोवर्धनच्या कोष्ट्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी जे केले ते आपल्या बचत गटांना व पतसंस्थांना अशक्य नाही. मुद्दलाला हात न लावता व्याजातून दरमहा ठराविक माणसांचे औषध, रुग्णालयाचा प्रवास आणि हरवलेल्या कागदपत्रांचा खर्च भागवावा. हिशेब विहाराच्या फलकावर लावावा. पत्ता नसलेल्या माणसाला पत्रव्यवहारासाठी विहाराचा पत्ता वापरू द्यावा.

आपल्या समाजातील एक भाग शिक्षण व नोकरीमुळे स्थिर झाला, ही बाबासाहेबांची कमाई होय. परंतु स्थिर झालेल्या माणसाला अस्थिराची लाज वाटू लागते. विहाराच्या ओट्यावर झोपलेल्या माणसाला उठवून दाराला कुलूप लावणारे हात आज अनेकदा आपलेच असतात. सुरक्षिततेची काळजी रास्त आहे. विनयातील नियमांनीही ती मान्य केली आहे. म्हणून ओटा उघडा ठेवायचा तर रात्रीची पाळी, दोन जबाबदार उपासक, पाणी, दिवा आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक एवढी व्यवस्था आधी करावी लागेल. चार वस्त्यांतील चार विहारांनी आठवड्याच्या रात्री वाटून घेतल्या तर हे काम कोणा एकावर पडणार नाही. पुढच्या विहार समितीच्या बैठकीत हा एकच विषय घेतला तरी आरंभ होऊ शकेल.